राखून ठेवलेल्या गोळ्या

मु. साखरा
२ जुलै १९७५

प्रिय चांगुणा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र येऊन दोन बाजार उलटले आणि मी आज लिहायला बसलोय. रागावू नको. तुझ्या भावाला घेऊन परभणीच्या दवाखान्यात होतो. तार करणार होतो, पण तार बघून तू मरणाचीच बातमी धरशील म्हणून हात आवरला. संतराम जिवंत आहे.

मिलिंदच्या मानेवर फोड उठल्याचं वाचल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. ताप आहे का? लेकरू मान वळवतं का?

तू माहेरी होतीस तेव्हा संतरामच्या मांडीवर गळू होतं, आठवतं ना. डॉक्टरनं लाल-काळ्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत ठणका थांबला आणि पोरगं वखर हाणायला गेलं. उरलेल्या गोळ्या मी डब्यात टाकल्या. तो म्हणाला, "आप्पा, समद्या खायच्या म्हणलेत." मी म्हणालो, "दुखतंय का आता? न्हाई ना? मंग काहून खातू?" तुझी आई चुलीपुढून म्हणाली, "बियाणं हाय व्हय ते, राखून ठेवाया!" तूही हसलीस. मला वाटलं, हसा. पेरणी करपली की दुबार पेरायला राखलेलंच कामी येतं. काही पुरतं संपवायचं नाही, एवढंच मी जन्मभर शिकलो.

तू गेलीस आणि गळू परत आलं. दुकानातून त्याच गोळ्या आणल्या, या वेळी सगळ्या खाल्ल्या, तरी उतार पडेना. परभणीला मांडी चिरली तर पू हाडापर्यंत गेलेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. औषध मध्येच तोडलं की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. मग त्यांच्यावर ते औषध चालत नाही. मला हराळी आठवली. वावरात मी तिची एक मुळी कधी सोडली नाही, आणि पोराच्या अंगात सोडली. आता दुसऱ्या औषधाची सुई चालू आहे. ताप उतरलाय, पण गुडघा वाकत नाही.

बाईंनी विचारलं, घरात लहान लेकरू होतं का? त्याच टॉवेलनं अंग पुसायचं का? तेच चिवट जंतू लेकरालाही लागतात म्हणाल्या. मिलिंद तर मामाच्याच अंथरुणात झोपायचा.

चांगुणा, कनेरगाव नाक्यावर तुला अकोल्याच्या गाडीत बसवताना तुझ्या पिशवीत मी डाळीखाली एक पुडी ठेवली होती. लेकराला गळू झालं तर थोडी थोडी मधातून दे, असं मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. त्या संतरामच्याच उरलेल्या गोळ्या आहेत. देऊ नको. दिल्या असशील तर डॉक्टरांपासून लपवू नको, मामाच्या हाडाचंही सांग. हे वाचताच मिलिंदला मोठ्या दवाखान्यात ने. तिथं देतील ते औषध शेवटपर्यंत दे, पोरगं खेळायला लागलं तरी. जावईबापू रागावले तर माझं नाव सांग. आणि उलट टपाली कळव. जास्त लिहू नको, लेकरू मान वळवतं एवढंच लिही.

तुझाच,
आप्पा