शस्त्र उचलाल का?

आई, अमेरिकन नागरिकत्वाच्या त्या फॉर्मवरचा एक प्रश्न तू कोरा सोडला होतास. त्यावरून न्यूअर्कहून घरी येताना मी तुला गाडीत जे बोलले, त्यानंतर आपण दोघींनी तो विषय नीट कधी काढलाच नाही. तू गेलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली. माझ्या डोक्यात मात्र तो विषय अजून चालूच आहे, आणि आता ज्या वयात तू गेलीस त्याच्याही पुढे मी आले आहे. तेव्हा एकदा लिहून काढावं म्हणून बसले.

बाबा होते तोवर उन्हाळ्यात दर रविवारी आपण प्रिन्स्टनच्या लढाईच्या मैदानावर जायचो. मैदान म्हणजे नुसतं मोठं गवताळ कुरण. तू पोळीभाजी आणि दहीभाताचे डबे घ्यायचीस, बाबा झाडाखाली पेपर वाचत पडायचे, आणि आपला धाकटा तिथली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचून दाखवायचा. "आई, दे वेअर फार्मर्स! घरातल्या बंदुका घेऊन इंग्लंडच्या राजाच्या आर्मीशी फाइट केलं त्यांनी!" आठ वर्षांचा होता. तू त्याला तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. साताऱ्याकडचं तुमचं गाव, बेचाळीस साल, भूमिगतांच्या बंदुका आजोबांनी गवताच्या गंजीत लपवलेल्या, आणि पोलिसांनी गंजी पेटवायची धमकी दिली तरी ते तोंडातून शब्द काढत नाहीत. तू ती गोष्ट फार छान सांगायचीस. गवताचा वास यायचा. "माणसानं देशासाठी काहीतरी करावं रे," असं म्हणून संपवायचीस. कुठल्या देशासाठी, ते मात्र तू त्याला कधी सांगितलं नाहीस. त्याच्या डोक्यात ते शेतकरी आणि आपले आजोबा एकाच फौजेत होते.

मग बाबा हार्ट अटॅकनं गेले आणि तू हायस्कूलच्या कॅफेटेरियात कामाला लागलीस. केसांवर जाळी, हातात प्लास्टिकचे मोजे. आयुष्यात कधी अंडं न उकडलेली तू, दुपारी साडेअकरापासून मुलांच्या ताटात मांसाचे गोळे वाढायचीस. त्याच सुमारास इराणात अमेरिकन लोकांना ओलीस ठेवलं होतं आणि शाळेत आपल्या धाकट्याच्या लॉकरवर कुणीतरी 'घरी जा' असं खरडलं. आपण इराणी नाही हे तो महिनाभर सगळ्यांना सांगत होता. नंतर त्यानं सांगणं सोडलं. मला एकदा म्हणाला, "ताई, अजून किती वर्षं राहिलं म्हणजे इथले होतो आपण?" मी काहीतरी हसण्यावारी नेलं. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

सैन्यभरतीचा माणूस महिन्यातून एकदा तुझ्याच कॅफेटेरियात टेबल मांडून बसायचा. तरुण, इस्त्रीचा गणवेश, अदबीनं बोलणारा. तू त्याला बटाटे जरा जास्तच वाढायचीस. घरी येऊन म्हणायचीस, "एवढ्या लांबून येतो गं बिचारा, कोणी धड बोलत नाही त्याच्याशी." बोलणारा एक जण तुझ्याच घरात होता, हे तुला कळलं तेव्हा कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर आलेला होता. तो सतरा वर्षांचा, ग्रीन कार्डवर. ग्रीन कार्डवरही भरती होता येतं, पण अठराच्या आत पालकाची सही लागते.

ती संध्याकाळ मला आजही दिसते आहे. तू कणीक मळते आहेस. तो तुझ्यासमोर उभा आहे. तू माझ्याकडे बघतेस. मी चोवीस वर्षांची, औषधांच्या कंपनीत नोकरी, या देशाचं सगळं मला कळतं असं तुला वाटतं. "तू सांग गं याला काहीतरी." आणि मी म्हणते, "तुझा मुलगा आहे, तू ठरव." एरवी इंग्रजीत उत्तर देणारा तो त्या दिवशी स्वच्छ मराठीत म्हणतो, "आजोबांनी कुणाला विचारलं होतं?" तूच तर वाढवलं होतंस त्याला त्या गोष्टीवर. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि इंग्रजीत सही केलीस, एकेक अक्षर सुटं.

दोन वर्षांनी दुपारी सैन्यातले दोघे जण दारात आले. एका सरावाच्या वेळी हेलिकॉप्टर समुद्रात पडलं होतं. लढाई नव्हती, समोर शत्रू नव्हता. त्यातला वयानं मोठा होता तो सोफ्याच्या कडेवर टेकून म्हणाला, तुमच्या मुलानं आपल्या सर्वांच्या स्वातंत्र्यासाठी प्राण दिले. तुला तेवढं इंग्रजी समजत होतं. तू माझ्याकडे वळून मराठीत विचारलंस, "कुणापासून?" तू पुन्हा, "विचार ना त्यांना. स्वातंत्र्य कुणापासून?" तो माणूस थांबला होता. "काय म्हणाल्या त्या?" मी म्हणाले, "थँक यू म्हणताहेत." तू मान खाली घातलीस. त्यांना वाटलं, तू होकार दिलास.

अहवाल आला तो पातळ होता, आणि त्यातल्या निम्म्या ओळींवर काळ्या पट्ट्या मारलेल्या. हेलिकॉप्टर पडलं हे वाचता येत होतं, का पडलं ते पट्टीखाली. तू ती पानं खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघायचीस. मी आपल्या भागाच्या काँग्रेसमनच्या, म्हणजे इथल्या खासदाराच्या, ऑफिसला फोन केला. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. सॉरी म्हणाली, मनापासून म्हणाली असेल. मग विचारलं, "तुमची आई इथली मतदार आहे का?" मी नाही म्हटल्यावर बोलणं तसंच गोड राहिलं, फक्त आखूड झालं. मी फोन ठेवला तर तू म्हणालीस, "मग होऊ या मतदार. त्यांना उत्तर द्यावंच लागेल अशी बाई व्हायचंय मला."

आणि तू अभ्यासाला बसलीस. पन्नाशीला टेकलेली, कॅफेटेरियातून आल्यावर पाय टबात बुडवून, सरकारी पुस्तिका मांडीवर. मी प्रश्न विचारायची, तू उत्तरं द्यायचीस. कायदे कोण करतं, न्यायाधीश कोण नेमतं. "युद्ध जाहीर करायचा अधिकार कोणाला?" "काँग्रेसला." मग पुस्तिका मिटून तू विचारलंस, "आपल्या पोराच्या वेळी कुणी केलं होतं गं जाहीर?" मी म्हणाले, "आई, हे परीक्षेत विचारत नाहीत." तू म्हणालीस, "ते दिसतंच आहे."

न्यूअर्कच्या त्या ऑफिसात मी शेजारी बसले तरी चालेल, मात्र उत्तरं तूच द्यायची, असं अधिकाऱ्यानं सांगितलं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, चांगला माणूस होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण राग काढायला तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. तू सगळी उत्तरं बरोबर दिलीस. शेवटी त्यानं फॉर्म तुझ्यासमोर सरकवला. "हा एक राहिला, मॅम. कायद्यानं सांगितलं तर अमेरिकेसाठी शस्त्र उचलाल का? हो की नाही?"

तू तुझ्या इंग्रजीत म्हणालीस, "माझ्या घरातून एक दिला."

त्यानं फाइल उलटली. त्याला ते माहीत नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाला, "आय अॅम सॉरी. पण तुमच्या हातात कोणी बंदूक देणार नाही. ही फक्त फॉर्मॅलिटी आहे."

"फॉर्मॅलिटी आहे, तर काढून टाका."

"ते माझ्या हातात नाही." त्यानं पेन खाली ठेवलं. मग त्याला वाट सुचली. "तुम्ही हिंदू आहात ना? धर्माला शस्त्र मान्य नसेल तर वेगळी शपथ घेता येते. गांधी वगैरे. तसं लिहू का?"

मी मराठीत घाईघाईनं म्हणाले, "आई, हो म्हण. धर्माचं म्हण आणि सुटू दे."

तू हसलीस. त्या खोलीत तू हसलीस, आई. म्हणालीस, "आमच्या देवानं स्वतः रथ हाकला लढाईत. लढ म्हणाला. आणि माझ्या वडिलांनी गवतात बंदुका ठेवल्या, इंग्रजांवर. तुमच्या लोकांसारख्याच." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणालीस, "त्यांना सांग, शस्त्र वाईट असं मी म्हणत नाही. मागच्या वेळी यांनी विचारलं तेव्हा मी सही केली होती. आता परत माझ्याकडून सही मागू नका. आणि देवाच्या नावावर खोटं सांगून मला यांचा मताचा हक्क नको."

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकत राहिला. म्हणाला, मला समजतं, पण धर्माचं कारण नसेल तर या प्रश्नाला 'हो' लागतंच. विचार करायला त्यानं तुला मुदत दिली. उठून उभा राहिला आणि तुझ्यासाठी दार उघडून धरलं.

गाडीत मी ओरडले. इतकी वर्षं मी ते वाक्य स्वतःशीसुद्धा पुरं म्हटलेलं नाही. "एक शब्द बोलायचा होता तुला. तो कसा गेला हे कळण्यापेक्षा तुझा हट्ट मोठा. एवढं तत्त्व होतं तर सही करताना कुठं गेलं होतं?" फ्रीवेवर गर्दी होती, मला तुझ्याकडे बघता आलं नाही, किंवा मी बघितलं नाही. बरेच एक्झिट मागे पडल्यावर तू म्हणालीस, "तेव्हाच सुचायला हवं होतं." एवढंच. घरी आल्यावर तू भात टाकलास.

नकाराचं पत्र रीतसर आलं. ज्या देशाला तुझा मुलगा चालला होता, त्याला तू चालली नाहीस. पुढच्याच वर्षी मी अर्ज केला. त्या प्रश्नाला मी 'हो' म्हणाले, समोरच्या अधिकारी बाईनं वर बघायच्या आत. मतदार झाले आणि त्याच काँग्रेसमनला पत्र लिहिलं. या वेळी उत्तर लवकर आलं, जाड कागदावर, खाली शाईची सही. सोबत अहवालाची नवी प्रत. तू जुनी प्रत कपाटातून आणलीस, दोन्ही टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्यास आणि ओळीओळीवरून बोट फिरवत गेलीस. पट्ट्या त्याच होत्या, त्याच जागी. तू चष्मा काढलास. "तुलाही तेवढंच काळं दिलंय," म्हणालीस. तुझ्या आवाजात मला टोमणा ऐकू आला. आता वाटतं, टोमणा नसावा. तुला माझी कीव आली असावी.

त्यानंतर दोनच वर्षं होतीस तू. कॅन्सर पोटात होता आणि तू गॅसेस म्हणत राहिलीस. हॉस्पिटलच्या कागदावर नागरिकत्वाच्या रकान्यात मीच 'इंडियन' लिहिलं. शेवटच्या आठवड्यात तू आजोबांबद्दल बोलायचीस, धाकट्याबद्दल अजिबात नाही. एकदा म्हणालीस, "गवत पेटवलं असतं तर बरं झालं असतं." मी अर्थ विचारला नाही. अर्थ मला कळला होता.

राहिलेलं एवढंच. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी गावात सैनिकांच्या स्मरणाचा कार्यक्रम असतो. दगडावर त्याचं नाव आहे, दोन अक्षरं चुकलेली. कितीदा सांगितलं, आता सांगणं सोडलं. दर वर्षी मी मागे उभी राहते आणि परत येते. या वर्षी त्यांनी मला बोलायला बोलावलं. साडी नेसून येता का, असं विचारलं, आणि मी नेसून गेले. समोर खुर्च्यांवर म्हातारे, लहान मुलांच्या हातात कागदी झेंडे. मी तुझा प्रश्न विचारणार होते, आई. कुणापासून? घरून इंग्रजीत लिहून नेला होता. पण समोर सगळे इतक्या प्रेमानं बघत होते, आणि मला इथे राहायचं आहे. मी कागद न उघडता बोलले. तू शाळेत त्यांच्याच मुलांना जेवण वाढायचीस असं सांगितलं. आणि पुढे म्हणाले, मुलगा गेल्यावर माझ्या आईनं अभिमानानं या देशाचं नागरिकत्व घेतलं.

सगळे उठून उभे राहिले. बराच वेळ टाळ्या वाजवत होते. मला त्या आवडल्या.