मुखवट्यांच्या ट्रंकेतलं पाकीट

वसू,

चौकशीचा निकाल लागलाय, कॉलेजने मला नोकरीवरून काढून टाकलं. ते रजिस्टर पत्र आज गौरींच्या मुखवट्यांच्या ट्रंकेत सापडलं. सणाच्या दिवशीच आलं होतं. चांगली बातमी असू दे म्हणून आईने ते न फोडता गौरींपुढे ठेवलं, आणि गौरी उठवल्यावर ते मुखवट्यांबरोबर ट्रंकेत गेलं.

पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करायचं असतं. आज चौतिसावा आहे. मी घाटकोपरला वकिलांकडे पळतोय. कुकर तू लाव. आईला बोलू नकोस, आधीच रडतेय.

पत्र मिळालंच नाही म्हणावं, असंही मनात आलं गं. पण पोस्टाच्या पोचपावतीवर तिची सही आहे. सही करायला तिला मीच शिकवलं होतं.

श्याम