दिव्याच्या लेखी मी नाहीच

चिमीच्या आईला,
चिमीच्या बाबाचा सप्रेम नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. काम हलकं झालंय, म्हणून काळजी नको. इमारतीतले दिवे, एसी, पाण्याचे पंप, मी बघायचो ते सगळं आता एक सॉफ्टवेअरच सांभाळतं. विजेचं बिल उतरलं, साहेब खूश. उठता-बसता त्याचंच कौतुक! सवत तुझ्याऐवजी माझ्याच नशिबी आली बघ.

पूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनीस बाई गारठल्या की मलाच हाक मारायच्या. आता मोबाइलवर बोट फिरवतात. काल मुद्दाम वर जाऊन विचारलं, "गार नाही ना वाटत?" तर म्हणाल्या, "छे हो, आता कसली तक्रारच नाही!" तळपायाची आग मस्तकात गेली.

खोलीत माणूस आहे की नाही, हे म्हणे त्याला ओळखता येतं. इथे तळघरात मी एका जागी बसून तुला लिहितोय, तर दिवा सारखा विझतोय. हात हलवला की पेटतो.

चिमीचा खोकला थांबला का? आईचे गुडघे कसे आहेत?

पंखा माझ्या धाकट्या भावाने दुरुस्त केला, आता अजिबात आवाज येत नाही, असं तू दोनदा लिहिलंस. एकदा लिहिलं असतंस तरी कळलं असतं. गुणाचा आहे तो. पण स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला त्याला हात लावू देऊ नकोस. गळू दे. मी तिथे नाही, हे निदान घराला तरी कळू दे.

हात हलवत बसलेला,
तुझाच