मेलेल्यांचा पट

ता. ११ जानेवारी १९०९, सोमवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.
पटाच्या नव्या वहीत रेघा ओढत होतो. वेळ तात्यांच्या घड्याळाची. ते वीस मिनिटे पुढे असते, तेवढी वजा करून लिहिली. शाई थंडीने घट्ट झाली होती, चुलीजवळ धरावी लागली.
जव्हारहून छापील नमुना आला आहे. विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, पाडा, वय, इयत्ता. आजवर इथे इयत्ता नव्हतीच. येईल त्याला तात्या मास्तर बाराखडी शिकवत, टिकेल त्याला बेरीज. आता वर्षातून एकदा डेप्युटी साहेब येणार (पुढे डे. सा. लिहीन), इयत्तेप्रमाणे परीक्षा घेणार. बाराच्या खाली पास झाले तर करंजपाड्याची शाळा बंद. ते घडू नये म्हणून मला तात्यांच्या हाताखाली मदतनीस धाडले आहे. मी स्वतः पाचवी अर्धी सोडलेली. हे इथे कोणाला सांगितलेले नाही.
तात्या म्हणाले, "आधी रेघा सरळ ओढ. इयत्तांचं नंतर बघू."

ता. १४, गुरुवार.
नावे गोळा करायला घरोघर. पोशेरा गावाच्या वरचा चढ दोनदा. पाय भरून आले.
पहिले घर लखमाचे. दोन मुले शाळेत, सोमी आणि तिचा धाकटा भाऊ. वही उघडली तसा लखमा उठून उभा राहिला. म्हटले, बसा लखमादादा, शाळेचे काम आहे. बसला. नाव विचारले तर बायकोकडे पाहिले, बायकोने चुलीकडे. मग घडाघडा सांगत सुटला. पोराचे धर्मा, पोरीचे बुधी, बापाचे काळू. म्हटले, पोरीला तर सोमी म्हणतात, तुम्हाला लखमा. "ते घरात," म्हणाला.
बाकीच्या घरांनी तर विचारायच्या आत सांगितले. अठ्ठावीस नावे झाली. वये अंदाजाने. एकीचे वय तिच्या आईने असे सांगितले: "वाघाने पांढरा बैल नेला तवा ही पोटात." सात लिहिले.
काम इतके सरळ होईल असे वाटले नव्हते.

ता. २०, बुधवार.
हजेरीला नाव पुकारले की मुले एकमेकांकडे बघून हसतात, उभे कोणी राहत नाही. लाजतात. तात्या म्हणाले, "डोकी मोज आणि खुणा कर, वेळ जातो." तसे करतो. आज तेवीस.
दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी. हातचा कुठून आणला हे सात वेळा सांगितले. आठव्यांदा सोमीने सांगितले, तिच्या बोलीत. सगळ्यांना समजले. मला वाईट वाटू नये, पण वाटले.

ता. २८, गुरुवार.
हजर नऊ. राबाचे दिवस सुरू. झाडांच्या फांद्या तोडायच्या, पालापाचोळा वावरात पसरायचा, पुढे भाजायचा, तिथेच भाताचे रोप. सगळी घरे डोंगरावर.
लखमाला गाठले. म्हटले, परीक्षेला बारा दिवस आहेत, मुले सोडा.
"राब नाय भाजला तं भात तुझ्या वहीत पेराचा का?"
बाकीचे हसले. मीही हसलो.
शेवटी असे ठरले की मीच वर जायचे. मुले फांद्या ओढतील, मधल्या वेळी अर्धा तास पाटी. उद्यापासून.

ता. २, मंगळवार. फेब्रुवारी.
पाट्या डोक्यावर घेऊन चढतो. दोन फुटल्या. घशात माती. तात्यांना दमा, ते खालीच. लखमाच्या बायकोने नागलीची भाकर दिली, वर म्हणाली, "मास्तर, तू खातोस कमी आन बोलतोस जास्त."
चौदा मुले अडखळत का होईना, वाचतात. चौदा. दोनदा मोजली.

ता. ९, मंगळवार.
हे नीट लिहायला हवे.
डे. सा. साडेनवाला आले, घोड्यावरून. रागीट वाटले नाहीत, थकलेले वाटले. खुर्ची नव्हती, तात्यांच्या पेटीवर बसले. पट मागितला. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." मग पुकारू लागले.
"धर्मा काळू." कोणी उठले नाही.
"बुधी काळू." नाही.
तिसरे नाव. नाही. मागच्या रांगेत हसू फुटले.
डे. सां.नी पुन्हा पहिले नाव घेतले. लखमाचा धाकटा उभा राहिला. मला हायसे वाटले. तो म्हणाला, "धर्मा तं मेला. आमचा आजा तो."
मग इतरही बोलू लागले. हा माझा चुलता, पुरला त्याला. ही आमची म्हातारी. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. माझ्या हातचा पट सगळा मेलेल्यांचा.
डे. सा. माझ्याकडे पाहत राहिले. खोटा पट करणारे मास्तर त्यांनी पाहिले असतील. मी म्हटले, साहेब, मी... तात्या खोकत होते.
तरी त्यांनी परीक्षा घेतली. तोंडे पाहून, एकेकाला पुढे बोलावून. चौदा जणांनी वाचून दाखवले, तेरा जणांची गणिते बरोबर. सोमीची सगळी.
जाताना म्हणाले, "मुलं खरी आहेत, मास्तर. नावं खोटी आहेत. निकाल कोणाच्या नावावर लिहू? पंधरा दिवसांत खरा पट पाठवा. नाही आला तर शाळा नव्हतीच असं धरावं लागेल."
हाक मारूनच हजेरी घेत राहिलो असतो तर महिन्यापूर्वीच कळले असते. मी डोकी मोजत बसलो.

ता. १०, बुधवार.
वर गेलो. लखमा फांद्या तोडत होता. विचारले, असे का केलेत?
"कागुदावर नाव गेला का रस्त्याच्या वेठीला हाक येते. मागं देवी टोचाला एक जण आला. नावां लिवली. म्हयन्यात मुकादम आला, तेच नावां त्याच्या हातात. राब तसाच राहला. दाम नाय, भाकर नाय."
म्हणून मेलेल्यांची?
"मेल्याला कोण नेल? माझा बाप गेला तं जाऊ दे रस्त्यावर. आता त्याचा गुडघा दुखत नाय."
झाडावरचा एक जण इतका हसला की कोयता खाली पडला. मी म्हटले, ही वही शाळेची. शाळेतून शाळाखात्यात जाईल, मुकादमाकडे नाही. मी शब्द देतो.
लखमा म्हणाला, "तू लिव. तुझ्या भरवश्यावर."

ता. १६, मंगळवार.
खरी नावे झाली. सव्वीस. दोन घरांनी दारच उघडले नाही, त्यांना भरीस घातले नाही. बाकीच्यांनी आपण होऊन सांगितले, बापाचे, पाड्याचे. एका म्हाताऱ्याने आपलेही लिही म्हणून सांगितले. त्याला समजावावे लागले.
स्वच्छ प्रत करायला दोन दिवस. एकही खाडाखोड नाही. तात्या अंथरुणावर होते, त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पान न् पान पाहिले, वही मिटली, म्हणाले, "चांगलं लिहिलंस," आणि कुशीवर वळले. मला वाटले, दम लागला असेल.

ता. १९, शुक्रवार.
जव्हारच्या महसूल कचेरीचा शिपाई पाणी प्यायला थांबला. पट तयार आहे का, असे त्याने विचारले. म्हटले, तुला काय त्याचे? म्हणाला, "एक प्रत आमच्याकडे येते ना. नवीन नियम. मुकादमांनी कालच विचारलं, करंजपाडा आला का म्हणून."
तो गेल्यावर तात्यांना विचारले, तुम्हाला माहीत होते?
"होतं."
मग बोलला का नाहीत?
"बोललो असतो तर तू नावं आणली नसतीस. शाळा गेली असती. एकोणीस वर्षं बसलोय इथे, अरे." मग म्हणाले, "मला वाटलं, तुलाही माहीत असेल आणि तूही गप्प असशील."
जेवलो नाही.

ता. २०, शनिवार.
डे. सां.ना अर्ज लिहायला बसलो. पट आपल्याकडेच ठेवावा, प्रत कचेरीस देऊ नये. चार वेळा लिहिला. शुद्धलेखन बिनचूक. वाचून पाहिले तर मुलासारखा वाटतो. कोणत्या नियमाने मागतो आहे तेच त्यात नाही. मला नियम माहीत नाहीत.

ता. २२, सोमवार.
वर गेलो. वही बरोबर नेली. सगळे जमल्यावर सांगून टाकले. माझा शब्द खोटा पडतो. प्रत कचेरीत जाणार. पट पाठवला नाही तर शाळा जाईल, परवा मुदत संपते. तुम्ही म्हणाल तसे करतो. म्हणाल तर इथेच जाळतो, राबात.
कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते. झाडावरून ज्याचा कोयता पडला होता तोच माणूस म्हणाला, "मास्तर लिवनारा आन इचारतो आमाला."
लखमा म्हणाला, "सोमी खरंच वाचते का? का त्या सायबाला बरा वाटाला?"
म्हटले, वाचते.
"वाच म्हण."
जवळ दुसरे छापील काही नव्हते. वही उघडून तिच्यापुढे धरली. तान्हा भाऊ कडेवर होता, त्याला खाली ठेवून तिने बोट लावले. "सोमी. लखमा धर्मा. करंजपाडा. इयत्ता दुसरी."
लखमा वहीकडे बघत नव्हता, तिच्या बोटाकडे बघत होता. "परत वाच," म्हणाला. तिने वाचले. मग दुसऱ्यांची वाचली, एकेक. आपले नाव आले की माणूस जरा हलायचा. सव्वीस होईपर्यंत कोणी उठले नाही.
"ने," असे कोणी म्हणाले नाही. "जाळ," असेही नाही. लखमा एवढेच म्हणाला, "उद्या मी येतो तुझ्यासंगं."

ता. २४, बुधवार. जव्हार.
काल अख्खा दिवस चाललो. रात्री धर्मशाळेत. लखमाला वाटेत एकदा विचारले, राबाचे काय? "बायको हाय."
सकाळी शाळाखात्यात. डे. सा. दौऱ्यावर, दुपारी येतील म्हणतात. कारकून चांगला माणूस आहे. म्हणाला, ठेवा इथे वही, नोंद करून पोच देतो. हात पुढे केला. म्हटले, साहेबांच्याच हातात देईन, अर्जही आहे. तो हसला. "अर्ज काय, वही काय, येणार माझ्याच टेबलावर."
मुदत आजची. शाळाखाते पाचला बंद होते.
पडवीत बसून हे लिहितो आहे. वही मांडीवर, अर्ज वहीत. साहेब भेटतील. भेटून काय म्हणतील. अर्ज वाचतील तरी का. महसूल कचेरी याच आवारात, पलीकडच्या पडवीत रस्त्याचा मुकादम तंबाखू मळत बसला आहे. त्याने एकदा लखमाकडे पाहिले, पुन्हा पाहिले. नाव अजून विचारलेले नाही. लखमा पायरीवर उकिडवा बसून त्याच्याकडेच पाहतो आहे, मान खाली न घालता.
आत्ता वळून विचारले, "दिलीस का?"
म्हटले, अजून नाही.
"मग बस," म्हणाला. "मी पन बसतो."