दार लागल्याचा आवाज

३ मार्च

म्हातारी गेली! भर चौकात, सिग्नल नुकता हिरवा झालेला, एक आचका दिला आणि गेली. हौद्यात दोन दारं, पुढे मी आणि लेक, मागे गाड्यांची रांग आणि कानठळ्या बसवणारे हॉर्न. लेक उतरून ढकलायला लागली, मी स्टिअरिंग धरून बसलो. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत डोकावला, परत लावलं. ‘आता हिला त्रास देऊ नका,’ एवढंच म्हणाला.

लेकीच्या जन्माआधीपासूनची पिकअप. वाईट वाटायला हवं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. सोकावू दे! नवी येणार! जेवताना तोंड पाडून बसलो होतो, पण आतून नुसत्या गुदगुल्या. हिने ओळखलं. ‘रडू येत नसेल तर उगाच भाजी कशाला गार करताय?’

४ मार्च

लेकीला मी फूटपट्टी म्हणतो ते उगाच नाही. सकाळी चहाबरोबर निकाल समोर ठेवला — आपलं दार सात फुटी, हौदा आठ फुटी हवा, विषय संपला. गाडीही शोधून ठेवली आहे. पुढे दोन माणसं, मागे लांबलचक हौदा.

‘दिसायला कशी आहे?’

‘पांढरी आहे.’

झालं वर्णन! शोरूमला परवा जायचंय.

६ मार्च

पाहिली!

गेलो होतो पांढरीसाठीच. फूटपट्टी थेट हौद्याकडे गेली, खिशातून टेप काढला आणि आडवं-उभं मोजायला लागली. मी आपला रेंगाळलो. कोपऱ्यात एक उभी होती. उंच, चार दारांची, नुकत्या घासलेल्या तांब्याच्या रंगाची. सहज म्हणून तिचं दार उघडलं आणि लावलं.

ठप्प.

आता हे कुणाला सांगायचं? उभा जन्म दारं करण्यात गेला माझा. दार लागतं कसं, त्यावरून चौकट बसवणाऱ्याची जात ओळखतो मी. काही दारं आपटतात, काही कण्हतात, काही लागल्याचं सोंग करतात. हे असं लागलं की बाहेरचं सगळं बाहेरच राहिलं. बिजागरीचा हूं नाही की चूं नाही. परत उघडलं, परत लावलं. मग मागचं. मग पलीकडची दोन. टायवाला विक्रेता धावत आला. ‘काका, काही अडकतंय का?’

‘नाही हो! काहीच अडकत नाही, तीच तर गंमत आहे!’

टायवाल्याने पाणी दिलं, तिथेच बसलो आणि गिऱ्हाइकं बघत राहिलो. काय करमणूक! जो येतो तो आधी हौद्यावर टकटक करतो. ‘वजन किती घेते?’ असं घसा खाकरून विचारतो. उत्तर काहीही येवो, मान डोलावतो. मग केबिनमध्ये चढून बसतो आणि समोरच्या काचेच्या भिंतीत स्वतःला न्याहाळतो. सगळे! आमच्या गल्लीतला दातांचा डॉक्टरसुद्धा होता. त्यानेही वजन विचारलं. काय भरणार आहे हा, कवळ्या? टायवाला माझ्या कानाशी म्हणाला, ‘काका, म्हणायला सगळे कामासाठीच घेतात.’

मी मात्र काचेत पाहिलं नाही. एकदाच पाहिलं. बरं, दोनदा. बरा दिसत होतो.

७ मार्च

ठप्प! सकाळपासून कानात तेच.

९ मार्च

घरात दुसरा विषय नाही. मी म्हणतो, गिऱ्हाईक आधी गाडी बघतं, मग दार. खटाऱ्यातून उतरलेलं दार खटाराच वाटणार! लेक म्हणते, ‘बाबा, आपण दारं विकतो. गाडी नाही.’ ही म्हणते, ‘आधी त्या शर्टाला बटण लावून घ्या. गिऱ्हाईक तेही बघतं.’

मग मी कारणं काढली. चार दारं, म्हणजे मजूर आत बसतील (आमच्याकडे मजूर नाहीत). उंच आहे, खाचखळगे लागणार नाहीत (रस्ते चांगले आहेत). मलाच हसू यायला लागलं, पण मागे कोण हटतोय!

आणि आज दुपारी फूटपट्टी रंधा खाली ठेवून अचानक म्हणाली, ‘ठीक आहे. तुमची तांबडी घ्या. पण डॉक्टरीणबाईंचं दर्शनी दार मी करणार.’

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं नवं हॉस्पिटल उभं राहतंय. आतली आठ दारं आणि एक दर्शनी, महिनाअखेर द्यायचंय. आमच्या कारखान्याचा पहिल्यापासूनचा रिवाज — आतली दारं लेक करते, दर्शनी माझं. लोक तसं सांगूनच येतात, ‘काकांच्या हातचं हवं.’

‘सगळं तू?’

‘लाकूड निवडण्यापासून मुठीपर्यंत. आणि पुरं होईतो तुम्ही बघायचं नाही.’

हो म्हणून टाकलं! एका दाराच्या बदल्यात चार दारं! पोरीला व्यवहार म्हणून कळत नाही अजून.

१६ मार्च

आली! आली! आली!

सगळी गल्ली बाहेर. किराणावाला, जो मला इतकी वर्षं ‘ओ दारवाले’ म्हणून हाक मारतो, तो आज ‘साहेब’ म्हणाला. अंगावर मूठभर मांस चढलं. हिला फिरवायला नेलं. चढताना म्हणाली, ‘शिडी कुठे आहे?’ वर बसल्यावर मात्र आरसा वळवून केस सारखे केले. ‘हं. बरी आहे.’ एक फेरी झाली. घराशी आलो तर म्हणते, ‘भाजी बाजारावरून घ्या की.’ भाजी घ्यायची नव्हती. तिथे तिची भिशीतली मैत्रीण बसते!

२० मार्च

गाडी पुसली.

२१ मार्च

आजही पुसली. पलीकडून लेकीच्या रंध्याचा आवाज येतो. दारावर चादर टाकून ठेवते. वाऱ्याने एकदा कोपरा उडाला तर मीच तोंड फिरवलं. शब्द म्हणजे शब्द! पण हात शिवशिवतात. दर्शनी दार होतंय आणि आपण फडकं मारतोय — जरा चमत्कारिकच वाटतं. म्हणून चाकंही पुसली.

२४ मार्च

हसून हसून पोट दुखलं. समोरचा प्लंबर गाडी बघायला आला. त्याचीही अशीच आहे, गेल्या वर्षी घेतलेली. कामासाठी! मी बघतो तर हौद्यावरचं प्लास्टिक अजून तसंच. ‘पाइप कशातून नेतोस?’ ‘मेव्हण्याच्या स्कूटरवरून. गाडीला ओरखडे पडतात हो.’ मी जाम खिदळलो. मग तो शांतपणे म्हणाला, ‘आणि तुम्ही काय नेलंत हिच्यातून आतापर्यंत?’

‘आमच्या हिला.’

‘आणखी?’

मी फडकं उचललं आणि आरसा पुसायला लागलो.

दुपारी लेक माझ्या गाडीपाशी दिसली. दार उघडत होती, कान लावून लावत होती. दाराच्या कडेचं रबर नखाने उचकून बघत होती. ‘काय करतेस ग?’ ‘तुम्ही म्हणता तो आवाज ऐकतेय.’ पटलं पोरीला! मी म्हटलंच होतं!

२८ मार्च

नाक कापलं! माझंच, आणि माझ्याच हाताने!

उद्या दारं पोचवायची म्हणून आजच चढवायला घेतली. आतलं पहिलं दार हौद्यात सरकवलं — आत जाईचना. म्हणजे गेलं, पण बराचसा भाग फाळक्याच्या बाहेर लोंबकळत राहिला. फूटपट्टीने टेप माझ्या हातात दिला. हौदा पाच फुटी.

पाच! मी, ज्याने जन्मात दोनदा मोजल्याशिवाय एकदा करवत चालवली नाही, त्या मी या गाडीला टेप लावला नव्हता! चारी दारं उघडून पाहिली, बिजागऱ्या चाचपल्या, काचेत तोंड पाहिलं — हौद्याकडे ढुंकून बघितलं नाही. दातांच्या डॉक्टरला हसलो होतो. प्लंबरला हसलो होतो.

‘तुला माहीत होतं?’

‘त्याच दिवशी मोजला होता.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘बोलले असते तर दर्शनी दार दिलं असतंत?’

असा संताप आला! व्यवहार कळत नाही म्हणे पोरीला! ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. बापाला पुरता विकून खाल्लं हिने. मग ती शेडमागे गेली आणि एक लाकडी घोडी ओढत आणली. दोन्ही बाजूंनी उतरती, खाली जुन्या सतरंजीचे तुकडे ठोकलेले, नटबोल्टची भोकं थेट माझ्या हौद्याच्या मापाची. दारं आडवी नाहीच न्यायची, उभी टेकवून न्यायची. काच नेणारे नेतात तशी. दोन खेपांत सगळी जातील.

‘हे कधी केलंस?’

‘तुम्ही पुसत होता तेव्हा.’

२९ मार्च

आजचं सगळं लिहायला हवं.

पहिल्या खेपेला आतली दारं पोचवली. दुसऱ्या खेपेला दर्शनी. मला आधी गाडीत बसवलं, मग दार चढवून दोऱ्या आवळल्या, चादर काढली. ‘मागे बघायचं नाही.’ हळूहळू चाललो. म्हातारी गेली त्याच चौकात सिग्नल लागला. लोक बघायला लागले! बसमधले माना वळवून, पायी चालणारे थांबून. मी कॉलर नीट केली, ताठ बसलो. मग ध्यानात आलं, यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे जातेय. गाडीकडे कुणी बघत नव्हतं! शेजारी दुकानाची मोठी काच होती. काचेत गाडी बघायला गेलो आणि दार दिसलं.

मी केलं असतं तर वेलबुट्टी कोरली असती. हिने काहीच कोरलं नव्हतं. लाकडाच्या रेषा एका फळीतून दुसऱ्या फळीत अशा गेलेल्या की अख्खं दार एकाच झाडातून उचलून काढलंय असं वाटावं. आणि एकच मूठ, वरपासून खालपर्यंत दारभर. उंच माणूस असो, पोर असो, डोळ्यांवर पट्टी असो, हात पुढे केला की मूठ सापडणारच. माझ्या डोक्यात हे जन्मात आलं नसतं! मागचा गाडीवाला हॉर्न मारत होता आणि माझे डोळे भरलेले. शेजारी ती बसलेली, नखं कुरतडत.

दार बसवलं. लावून बघितलं.

ठप्प.

माझ्या गाडीचाच आवाज! चौकटीच्या खाचेत, लाकडाआड, तिने तसलंच रबर बसवलंय. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम डोळे मिटून दार उघडलं, लावलं. ‘वा! पट्टी बांधलेला पेशंट दचकणारही नाही आणि दार लागलं हेही त्याला कळेल.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘काका, तुमच्या हाताला तोड नाही!’

लेक खाली वाकून हत्यारं पिशवीत भरत होती. तिने मान वर केली नाही.

मी हसलो. नुसता हसलो. ‘हिने केलंय’ — एवढंच तर म्हणायचं होतं. नाही म्हटलं. इतकी वर्षं ‘काकांच्या हातचं’ ऐकायची सवय, आणि गोड लागतं हो ते, खोटं कशाला बोलू! परत येताना ती हत्यारांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. घरी उतरून तिने गाडीचं दार लावलं. तोच आवाज, पण मला ऐकवेना.

३० मार्च

गाडी पुसली नाही.

४ एप्रिल

एक बिल्डर आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, हौद्यावर टकटक केली. ‘काका, गाडी एकदम झकास! आणि हॉस्पिटलचं ते दार बघून आलोय. तुमच्याच हातचं ना? तसली पुष्कळ हवीत.’ आतला रंधा थांबला. म्हटलं, ‘नाही हो. ते करणाऱ्या बाई आत आहेत. मी त्यांचा ड्रायव्हर.’