बांधलेला जबडा अन् आईनं लावलेलं मौन

आर्वी, मार्च २००४

तीर्थरूप अंजूताईस,

धर्मेंद्रचा हात जोडून नमस्कार (तोंडानं म्हणायची सोय नाई, कारण पुढे लिहिलं आहे). भाऊजींचं पित्त शांत असेल. ऋतिकचा खोकला गेला, का अजून सगळ्या बोरगाव मेघेले उठवून राह्यला? इकडे बाबा दुकानात, आई देवळात अन् मी आरशासमोर, असे तिघंही आपापल्या जागी सुखरूप आहोत.

तुले माहीतच आहे, लहानपणापासून माझे समोरचे दात एकमेकांले कधी भेटले नाई. दाढा मिटल्या तरी समोर बोट जाईल एवढी फट. भाकर तोडायची तर मान वाकडी करून दाढेखाली न्यायची. मी तसाच राह्यलो असतो, पण आईले एकच घोर, की लग्नात विडा तोडायची वेळ आली तर भर मांडवात पोराची फजिती. म्हणून नागपूरले जबडा कापून, वर सरकवून, पट्ट्या मारून बसवला अन् वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले. आता मी नळीनं वरणाचं पाणी पेतो. दात कोरून पोट भरत नाई म्हणतात. माझ्या दातांत तर कोराले फटही राह्यली नाई.

पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड आम्ही बसवलं, जीभ अन् ओठ-गालाचे स्नायू जुन्याच सवयीचे आहेत. गिळताना तुमची जीभ दातांले पुढे ढकलते, तिले वळण नाई लावलं तर फट पुन्हा पडेल. तेव्हापासून माझा जीव टांगणीले लागला आहे. ताई, थुंकी गिळायचीही भीती वाटते. दिवसभर जीभ टाळ्याले लावतो, ओठांचा चंबू करतो, मग ओठ ताणतो (खालचा अजून बधिर आहे, तो हलला का नाई ते आरशातच पाहावं लागते). काल एक गिऱ्हाईक उन्हाळी मुगाचं बियाणं न घेताच निघून गेलं; त्याले वाटलं, मी त्याले वेडावून राह्यलो. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, हा लोकांसाठी टोमणा आहे, माझ्यासाठी औषध.

अन् खरा टोमणा लागू पडतो आईले. तुझ्या शेजारच्या पिपरी मेघेच्या अण्णाजींची पोरगी आचल, तिले पाहाले जायचं आधीच ठरलं होतं. मी पाटीवर लिहून दाखवलं, तार निघू दे. आई म्हणे, तोवर पोरगी थांबते का? गेलो. अण्णाजी खादीवाले, रोज सकाळी पवनारच्या आश्रमात प्रार्थनेले जाणारे. त्यांनी मले शिक्षण विचारलं. मी आईकडे पाह्यलं. आईनं सांगून टाकलं, त्याचं मौन चालू आहे.

अण्णाजी उठून उभे राह्यले अन् त्यांनीच मले हात जोडले. पोहे आले तर आई म्हणाली, उपास आहे. आचलच्या आईनं घाईघाईत साबुदाण्याची उसळ केली, तर म्हणे, हा फक्त पाण्यावर आहे. अण्णाजींचा आदर वाढत गेला अन् मले घाम फुटत गेला. मग आचलनं पाणी आणलं. बधिर ओठानं घात केला, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. ती हसली नाई. तिनं गुपचूप रुमाल दिला अन् माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाह्यलं. ताई, मले ती आवडली, मनापासून आवडली. तिकडून होकारही आला, साक्षगंधाची बोलणी चालू आहेत. पण तो होकार माझ्या मौनाले आहे. तार निघाली की मी बोलीन, पोहेही खाईन, अन् मग अण्णाजी काय म्हणतील या विचारानं वरणाचं पाणीही घशाखाली उतरत नाई.

भाऊजींले नमस्कार. ऋतिकले गोड पापा (डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं हाही व्यायामच आहे).

तुझा भाऊ,
धर्मेंद्र

ता. क. पत्र खरं तर मिक्सरसाठी लिहिलं. आमच्याकडच्यात डाळीच्या गुठळ्या राह्यतात अन् नळीत अडकतात. तुझा जुना पाठवजो. पत्र आणणारा एसटीचा कंडक्टर ओळखीचा आहे.

आणखी ता. क. मिक्सर राहू दे. पाकीट बंद केलं अन् दुकानात आचलचा फोन आला. मी नुसता हुंकारलो. ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका. हो असेल तर रिसिव्हरवर एक टिचकी मारा, नाई असेल तर दोन. तोंडात तार आहे न? पाणी पेताना दिसली मले." मी एक टिचकी मारली. "बाबाले मी सांगून टाकलं. ते म्हणाले, ऑपरेशनच झालं न, मग लपवलं काऊन?" यावर किती टिचक्या मारायच्या ते मले समजलं नाई. मग ती म्हणाली, "मी पसंत आहे का तुमाले? का तेही आईच सांगतील?"

ताई, मी एक टिचकी मारली. देवाशपथ मारली. पण ती एवढ्या जोरात बसली, की रिसिव्हर सुटून काउंटरवर आपटला अन् फोन कटला. झाले दोन.

फोन तिनं पीसीओवरून केलता, उलटा लावता येत नाई. आईले सांगावं तर ती अजून एखादं व्रत काढेल. म्हणून कंडक्टरनं पाकीट दिलं की आधी पिपरीले जा, पत्र मागून वाच. अन् तिले एवढंच सांगजो, पहिला आवाज माझा होता. दुसरा फोनचा.