राखेत ठेवलेलं बी

आई,

तुझं अशोकाचं झाड आता नाही. नामपूरच्या घराची वाटणी झाली तेव्हा मागचं अंगण चुलत भावाकडे गेलं, आणि त्याला तिथे कांद्याची चाळ बांधायची होती. त्याने चांगुलपणाने आधी फोन केला, "बिया घ्यायच्या तर घेऊन जा, मग म्हणू नका सांगितलं नाही." आषाढ होता. ताई देवळाली कॅम्पहून आली, मी तिला घेऊन गेलो. झाडाखाली चपट्या, काळपट शेंगा पडलेल्या, काही उकलून पिळवटलेल्या. ताईने पदरात गोळा केल्या, मी डब्यात. चैत्रात तू त्या खोडाला बिलगलेली केशरी फुलं काढायचीस, देवीला वाहायचीस, आणि आम्हाला खालची फांदी मोडू द्यायची नाहीस. चुलत भावाने चहा दिला. आठवड्याने झाड गेलं.

घरी आल्यावर मी तुझ्याच रीतीने सगळं केलं. बाजरीचं, वालाचं, भोपळ्याचं बी तू कसं ठेवायचीस ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. चुलीपाशी तू बसलेली, हात कोपरापर्यंत राखेने पांढरे, आणि म्हणतेस, "नीट वाळू दे, मंग राखमा ठेव." मी अशोकाचं बी गच्चीवर कडक वाळवलं, राख चोळली, मडक्यात भरलं आणि मडकं देव्हाऱ्याखाली ठेवलं. लावायचं ते घटस्थापनेला, असं मनाशी ठरवलं. श्रावण गेला. पुढे पितृपक्ष आला, आणि पितृपक्षात नवं काही लावायचं नाही हे माझ्या अंगात भिनलेलं. रोज पूजेनंतर मी त्या मडक्यालाही हळदकुंकू लावत होतो. ताई फोनवर हसायची. "पंचांग बघून पेर हो भाऊ. बियाला विचारलंस का, त्याला मुहूर्त चालतो का?"

घट बसले त्या दिवशी मी आंघोळ करून, सोवळ्याने, कुंडीत बी लावलं. हातात घेतलं तेव्हाच ते हलकं लागलं होतं. दसरा झाला तरी काही नाही. एक उकरून नखाने दाबलं, तर आत तपकिरी भुगा. अशोकाचं बी वाळवायचं नसतं, ओलंच लावायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. ताईने तिचं बी नामपूरहून आल्या संध्याकाळीच मोरीच्या पाण्याच्या ओल्या मातीत खोचलं होतं. "ओलसर होतं, ठेवलं असतं तर बुरशी आली असती," एवढाच तिचा विचार. त्यातलं एकच उगवलं. ते सांगायला तिने फोन केला आणि विचारलं, "तुझं उगवलं ना? तुझ्या हातचं नाही उगवणार तर कोणाच्या? एवढी पूजा करतोस रोज."

मी म्हणालो, "हो, उगवलंय."

मग भाऊबीजेला ती येणार म्हणून मी रोपवाटिकेतून वीतभर अशोक आणला. पिशवी फाडून त्याच कुंडीत लावला. हिने बघितलं आणि म्हणाली, "हे कशाला? त्यांना सांगून टाका ना, नाही उगवलं म्हणून. त्या काय मारणार आहेत?" मी म्हणालो, सांगतो.

ताई आली ती मांडीवर तिचं रोप घेऊन, रिक्षात बसून. माझी कुंडी बघून तिने चप्पल काढली, आई. चप्पल काढून त्या विकतच्या रोपाला हात जोडले आणि रडली. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "तुन्हं रोप मन्हा अंगणमा, मन्हं तुन्हा अंगणमा. म्हणजे येणंजाणं राहील." तिने हे येताना वाटेत ठरवलं होतं. ही माझ्याकडे बघत होती. मी कुंडी उचलून रिक्षात ठेवून दिली.

तिचं रोप आता माझ्या दाराशी आहे. नवी पानं आली आहेत, तांबूस, ओल्या फडक्यासारखी खाली लोंबणारी, तुझ्या झाडाला यायची तशीच. तिकडे ताई रोज सकाळी त्या दुसऱ्याला पाणी घालते, शेजारणींना बोलावून दाखवते, आमच्या आईचा अशोक, माझ्या भावाने रुजवला. हे ती मला फोनवर कौतुकाने सांगते. त्यानंतर माझं पूजेत मन लागत नाही. तुझ्या फोटोला हार घालताना मी मान वर करत नाही.

रोज ठरवतो की उद्या हे रोप घेऊन कॅम्पात जायचं, तिच्या अंगणात ठेवायचं आणि सगळं सांगायचं. हिला वाटतं मी लाजेपायी थांबलोय. मीही हिला तसंच सांगितलं आहे. लाज आहेच. पण तुला खोटं लिहून काय करू? सांगितलं तर हे रोप परत द्यावं लागेल, आणि ते माझ्याकडेच राहावं असं मला वाटतं.